९ वेळा अंतिम सामना, कप मात्र ५. मग वॉली बुओनो यांना कॅनेडियन फुटबॉलमधले सर्वांत मोठे प्रशिक्षक का मानतात?

तुमचं म्हणणं असं, की मुख्य प्रशिक्षक म्हणून २५ हंगामांत ५ ग्रे कप (कॅनेडियन फुटबॉल लीगचा करंडक) म्हणजे सरासरी पाच वर्षांनी एक. ह्यू कॅम्पबेल यांनी तर एडमंटनला सहा हंगामांत ५ जिंकून दिले, तेही ओळीने. मग बुओनोंचा एवढा उदोउदो कशासाठी? प्रश्न रास्त आहे. मी व्हँकुव्हरकडे राहतो आणि बुओनोंनी पुढे सांभाळलेल्या इथल्या बीसी लायन्स संघाचा चाहता आहे, त्यामुळे माझं माप थोडं झुकतं असणार हे गृहीत धरूनच वाचा.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: हा मेस्सीवाला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन खेळायचा, अमेरिकन फुटबॉलचा हा सख्खा चुलत भाऊ. संघात १२ जण, मैदान ११० यार्ड लांब, आणि १० यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच संधी. संधी कमी, म्हणून चेंडू फेकून एकदम मोठी मजल मारण्यावर भर, आणि म्हणून फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर सगळी भिस्त. तिथे कोणाला उभा करायचा, यावर प्रशिक्षकाचं नशीब ठरतं.

आता १९९३ ते ९५ ची तीन वर्षं बघा. बुओनो तेव्हा कॅल्गरीचे प्रशिक्षक, आणि डग फ्लूटी त्यांचा क्वार्टरबॅक. तिन्ही हंगामांत साखळीचा हिशोब अगदी सारखा: १८ पैकी १५ जिंकले, ३ हरले. कप? एकही नाही! ९३ मध्ये अंतिम सामना कॅल्गरीतच होता, पण त्याच्या आदल्या फेरीत घरच्या मैदानावर एडमंटनने त्यांना घरी बसवलं. ९४ ची हार तर जिव्हारी लागणारी. पश्चिम विभागाचा अंतिम सामना, बर्फ पडतोय, कॅल्गरी पुढे, आणि अगदी शेवटच्या क्षणी बीसीच्या डॅनी मॅकमॅनसने टचडाउनचा (थेट गुणरेषेपलीकडे नेणारा) पास दिला. झेलला कोणी? डॅरेन फ्लूटीने, म्हणजे डगच्या सख्ख्या धाकट्या भावाने. ३७-३६. पुढच्या वर्षी अंतिम फेरी गाठली तर तिथे बाल्टिमोर भेटलं, ग्रे कप जिंकणारा आजवरचा एकमेव अमेरिकी संघ.

आणि २००१? त्या वर्षी कॅल्गरीने १८ पैकी ८ जिंकले, १० हरले. समोर १४ सामने जिंकून आलेलं विनिपेग. तरीही मार्कस क्रँडेल या फारशा गाजावाजा नसलेल्या क्वार्टरबॅकला घेऊन २७-१९ ने कप उचलला. म्हणून नुसते कप मोजून कोणाची उंची ठरवायची, तर बुओनोंचा हा बेताचा संघ १५ सामने जिंकणाऱ्या त्या तिन्ही संघांपेक्षा भारी ठरतो. बाद फेरीचा एक सामना, त्यात नोव्हेंबरचा बर्फ. तिथे काहीही होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ते बहुतेक काळ प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर दोन्ही होते. खेळाडू शोधायचे, करार करायचे, त्यांच्याकडून घाम गाळून घ्यायचा आणि वेळ आली की नारळही आपणच द्यायचा. अशा माणसाला दुसऱ्यावर खापर फोडायची सोयच नसते. कॅल्गरीत नवे मालक आले, त्यांचा मुलगा त्याच संघात क्वार्टरबॅक. मालकांशी बिनसलं आणि २००२ नंतर बुओनो लायन्सकडे आले.

इथे त्यांचा सर्वांत वादग्रस्त निर्णय झाला. २००४ मध्ये पहिला क्वार्टरबॅक डेव्ह डिकेन्सन जखमी झाला, त्याच्या जागी केसी प्रिंटर्स आला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अंतिम सामन्याला बुओनोंनी उतरवलं ते बऱ्या झालेल्या डिकेन्सनला. टोरांटोकडून २७-१९ ने हरले. इथले जुने चाहते अजून त्यावरून भांडतात. माझ्या मते निर्णय फसला, पण अविचारी नव्हता. २००६ मध्ये लायन्सनी कप जिंकला तेव्हा अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच डिकेन्सन ठरला.

माझा खरा पुरावा मात्र २०११ चा. पहिले पाचही सामने हरले. सात सामन्यांनंतर एक विजय, सहा पराभव. प्रशिक्षकाला काढा अशी ओरड सुरू, पण मॅनेजरही तेच! ट्रॅव्हिस लुले या क्वार्टरबॅकला बाहेर बसवा असं अनेक जण सांगत होते, बुओनोंनी ऐकलं नाही. उरलेल्या ११ पैकी १० जिंकले आणि बीसी प्लेस या आपल्या स्टेडियमच्या नव्या छताखाली, घरच्या प्रेक्षकांसमोर, विनिपेगला ३४-२३ ने हरवलं. लुले त्या मोसमाचाही सर्वोत्तम आणि अंतिम सामन्याचाही.

माणूस मुळात चिवट. जन्म १९५० चा, इटलीतल्या पोटेन्झाचा. लहानपणीच माँट्रियलला आले, वडील लवकर गेले, आईला झेपेना म्हणून काही वर्षं भावासोबत शॉब्रिजच्या मुलांच्या वसतिगृहवजा सुधारगृहात काढली. पुढे माँट्रियल अलूएट्सकडून दहा हंगाम लाइनबॅकर (बचावफळीतला खेळाडू) म्हणून खेळले आणि खेळाडू म्हणून दोन कप जिंकले, ते वरच्या पाचात धरलेले नाहीत.

साखळीतले विजय २८२. डॉन मॅथ्यूज यांचा २३१ चा विक्रम त्यांनी २००९ मध्येच मोडला होता. २०११ नंतर प्रशिक्षकपद सोडलं, २०१६ ला पुन्हा हाती घेतलं. त्या वर्षी पश्चिमेच्या अंतिम सामन्यात त्यांना हरवणाऱ्या कॅल्गरीचा प्रशिक्षक कोण होता? डिकेन्सन. २०१८ चा निरोपाचा सामना हॅमिल्टनमध्ये ४८-८ असा गेला, अगदी दारुण.

राहिला कॅम्पबेल यांचा मुद्दा. टक्केवारी हेच माप असेल तर ते वरचढ आहेत, मी वाद घालणार नाही. पण १९८२ चा कप जिंकून ते अमेरिकेत गेले. मोडलेला संघ नव्याने उभारायची वेळ प्रशिक्षक म्हणून त्यांच्यावर एडमंटनमध्ये आलीच नाही. बुओनोंवर ती दोन शहरांत, पुन्हा पुन्हा आली.