पदर, पान्हा आणि चारचौघं

प्रश्न : मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. लग्नासाठी एसटीने पुण्याहून कोल्हापूरला जायचंय. सासूबाई म्हणतात, ‘चारचौघांत पाजणं बरं दिसत नाही, त्या दिवसापुरती बाटली घे.’ एका दिवसाने काय बिघडणार?

एका दिवसात दूध आटत नाही, पण तुमचे हाल होतील. बाळ जितकं ओढतं तितकं दूध येतं. दूध चार-पाच तास तसंच साठलं तर छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, कधी तापही भरतो. शिवाय बाटली वाटेत उकळणार कुठे? पहिले सहा महिने अंगावरचंच दूध द्यायचं, तेव्हा बसमध्येही तेच द्या.

खिडकीकडची जागा धरा आणि शेजारी सासूबाईंनाच बसवा, आयता आडोसा! पुढून उघडणारा कुर्ता घाला. सुती ओढणी खांद्यावरून घ्या, बाळाचं नाक-तोंड मोकळं राहू द्या. बाळ रडेपर्यंत थांबू नका; मुठी चोखायला लागलं, तोंड इकडेतिकडे वळवायला लागलं की लगेच घ्या. सगळी बस वळून बघते ती रडण्यामुळे, पाजण्यामुळे नाही.

मोठ्या स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो. कुलूप दिसलं तर वाहतूक नियंत्रकाकडे किल्ली मागा. तान्ह्यासाठी रात्री रायगडाचा कडा उतरलेल्या बाईचं नाव दिलेल्या खोलीला कुलूप, हे मला दर वेळी खटकतं.

प्रश्न : आजेसासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी असं उघड्यावर कोणी पाजत नव्हतं.’ खरं आहे का?

त्यांच्या वाड्यात नसेल. बांधावर, बाजारात मात्र बायका सर्रास पाजत. पुढे गाठ मारायची चोळी आणि वर नऊवारीचा पदर, याहून सोयीचा पोशाख मला अजून कुठल्या दुकानात दिसलेला नाही. गाठ सोडली, पदर ओढला, झालं. पुढे कपडे मागून चेनवाले झाले, अडचण झाली, आणि त्या अडचणीलाच आपण लाज म्हणायला लागलो.

दृष्टीची भीती असेल तर तीट खुशाल पायाला लावू द्या. पाजण्याची वेळ टळली नाही म्हणजे पुरे.

प्रश्न : मॉलमध्ये सुरक्षारक्षकाने मला बाथरूममध्ये जाऊन पाजायला सांगितलं. त्याला तसा अधिकार आहे का?

नाही. सार्वजनिक जागी बाळाला पाजू नये असा कायदा आपल्याकडे नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, की सार्वजनिक आणि कामाच्या ठिकाणी स्तनपानाला कमीपणा आणू नये. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं हे घटनेने सांगितलेलं नागरिकांचं कर्तव्यच आहे. पुढच्या वेळी शांतपणे विचारा, ‘दादा, तुम्ही डबा संडासात बसून खाता का?’ आणि व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्या.

प्रश्न : मी पुरुष वाचक. रेल्वेत समोर एखादी ताई बाळाला पाजायला लागली की कुठे बघावं कळत नाही. उठून जावं का?

गडबडीने उठू नका, त्याने ती जास्त अवघडते, आणि अवघडलेल्या बाईला पान्हा लवकर फुटत नाही. खिडकीतून बाहेर बघा. तिला कोपऱ्याची जागा हवी असेल तर आधीच देऊन टाका. मोबाइल बघणार असाल तर त्याच्या पाठीवरचा कॅमेरा तिच्याकडे रोखलेला नाही, एवढं पाहा.