सही करण्याआधी घरी बोला

प्रश्न: ताई, मी समुद्रपूर तालुक्यातला. बुटीबोरीला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, प्रेस शॉपला 11 वर्षं परमनंट आहे. बेसिक-डीए मिळून 13 हजार. आता ‘पुनर्रचना’ सुरू आहे. एकेकाला केबिनमध्ये बोलावून टाइप केलेला राजीनामा पुढे करतात. सही केली तर सगळ्या हिशेबाचे एक लाख, नाहीतर काढून टाकू म्हणतात. माझी पाळी बुधवारी. घरी सांगितलं नाही. बचत गटाचं कर्ज बायकोच्या नावावर आहे, ती खचेल. वावराचा तुकडा विकून धंदा टाकू का?

उत्तर: भाऊ, त्या कागदावर सही करू नका. राजीनामा दिला की नोकरी तुम्ही स्वतःहून सोडली असं ठरतं आणि कामगार कपातीची भरपाई हातची जाते. कंपनीने कपात केली तर किमान महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. ग्रॅच्युइटी याहून वेगळी, ती राजीनामा दिला तरी तुमचीच. 13 हजार भागिले महिन्याचे 26 दिवस, गुणिले वर्षामागचे 15 दिवस, गुणिले 11 वर्षं: नुसती ग्रॅच्युइटीच 82,500 होते. म्हणजे तुमची 11 वर्षं ते साडेसतरा हजारांत मोकळी करून घेताहेत. वाचून फार राग आला मला.

केबिनमध्ये ‘जे असेल ते लेखी द्या’ एवढंच म्हणा. तुमच्या मागून त्याच कामावर लागलेली पोरं राहणार असतील, तर कारण विचारा; कपातीत शेवटी आलेला आधी जातो, असा नियम आहे. पगाराच्या स्लिपा आजच गोळा करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कारखान्याच्या कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आता घरचं. बचत गटाचं कर्ज बायकोच्या नावावर आहे, असं तुम्हीच लिहिलंय. दर महिन्याला चारचौघींत बसून हप्ता ती भरते. कंपनीच्या बसमध्ये गावातली आणखी माणसं आहेत. चक्कीवर दळण घेऊन गेली की कुणाच्या तरी तोंडून तिला कळेलच. मग नोकरीपेक्षा तुम्ही लपवल्याचं तिला जास्त लागेल. आज जेवणं झाली की तिला सांगा, बाबांनाही बसवा. कृषी केंद्राची उधारी, गटाचा हप्ता, पोरीची फी, सगळं एका वहीत मांडा. 2017 ची कपाशीवरची बोंडअळी सोसलेले कास्तकार आहेत ते, तुम्हाला वाटतं तेवढे हलणार नाहीत. वावर विकायचं मात्र आत्ता तोंडातही आणू नका.

मंगळवारी रजा टाकून नागपूरला वकिलाला भेटून या. तिलाही सोबत न्या.