कार्नेशन लावताय? आधी माती हलकी करा

ताई, खानदेशात कार्नेशन वर्षभर टिकवायचा हट्ट सोडा. झालरीसारख्या पाकळ्यांचं हे फुलझाड भूमध्य समुद्राकाठचं. दिवसा २० अंशांच्या आसपास खूश. आपल्या जळगावात मे महिन्यात पारा ४५ गाठतो. तेव्हा त्याला हिवाळ्याचा पाहुणा समजा. ऑक्टोबरात रोपं लावा, थंडी सरता सरता फुलं बघा.

खरी गोम मातीत आहे. केळी-कपाशीला सोनं असलेली आपली काळी माती पाणी धरून बसते, आणि कार्नेशनच्या मुळांना नेमकं तेच सोसत नाही. माझी पहिली आठ रोपं अशीच गेली. आधी एका बाजूच्या फांद्या पिवळ्या, मग सगळं झाड मान टाकतं. हा मर रोग, बुरशी मातीतली. आता मी कुंडीत काळी माती, वाळू आणि मुरलेलं शेणखत सारख्या भागांत घेते. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नाही.

पानांच्या पाच-सहा जोड्या आल्या की शेंडा खुडा. जीव होत नाही, माहीत आहे. पण खुडाच, फुटवे त्यातूनच येतात. मोठं फूल हवं तर शेंड्याची कळी ठेवून बाजूच्या काढा.

कळीचा हिरवा पेला फाटला तर घाबरू नका. दुपारचं ऊन आणि रात्रीचा गारठा यांत फार तफावत पडली की असं होतं.