भरपूर खातो तरी अंगाला लागत नाही, कोणता मास गेनर घ्यावा?

वय 23, उंची 5 फूट 7 इंच, वजन 46 किलो. भरपूर खाऊनही अंगाला लागत नाही म्हणून तुम्ही मास गेनरचं, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचं, नाव विचारलंय, आणि जिमला गेलो तर आहे तेही वजन उतरेल का, ही भीती. नाव मी सांगणार नाही. आणि तुम्ही भरपूर खात नाही. राग आला तर येऊ द्या. हेच वाक्य माझी आई माझ्याबद्दल आल्यागेल्याला सांगायची, "पोरगं लई खातंय, पण अंगाला लागंना."

आमचं गाव भूम तालुक्यात, घरी खव्याची भट्टी. कुंथलगिरीचा पेढा ज्यांनी खाल्लाय त्यांना आमच्या भागातला खवा काय असतो ते सांगायला नको. पाच लिटर म्हशीचं दूध आटवलं की किलोभर खवा निघतो, आणि ज्या घरात हा हिशेब चालतो तिथं दुधाचा थेंब म्हणजे पैसा. वडील म्हणायचे, खवा विकायचा असतो, खायचा नसतो. पहाटेपासून जाळापुढं उलथनं फिरवायचं आणि पोटात काय, तर कोरा चहा.

लग्नाचं बघायला लागल्यावर परंड्याकडच्या एका स्थळाला गेलो. पोहे झाले, पानसुपारी आली. मुलीच्या मामांनी सुपारी देता देता माझं मनगट धरलं. अंगठा आणि करंगळी जुळते का ते बघितलं. जुळली, वर करंगळीचं पेर अंगठ्यावर चढलं. ते सगळ्यांना दाखवून म्हणाले, "भट्टीवाल्याचं पोरगं ना हे? मग दूध जातंय कुठं?" बैठक हसली. माझे दाजीसुद्धा हसले.

दाजींची तालुक्याला जिम आहे आणि तिथं एका भिंतीला नुसते असल्या पावडरींचे डबे. परत येताना गाडीत सुरू झाले, "पाव्हणं, आपल्या भागातलं खाणंच निकस. भाकरी-वरणावर अंग भरत नसतंय. उद्या या, तीन किलोचा डबा देतो, दोन महिन्यांत मामाच्या हातात मनगट मावणार नाही." वर आणखी एक टोला, की शंभर किलोच्या खाली पैलवान नसतो.

दुसऱ्या दिवशी गेलो. डबा हातात घेतला आणि पुढची चित्रं सोडून मागची बारीक अक्षरं वाचली. पहिला घटक माल्टोडेक्स्ट्रिन. म्हणजे स्टार्चपासून केलेली, पोटात जाऊन साखरच होणारी पावडर. शंभर ग्रॅममागं प्रथिनं पंधरा ग्रॅम. आपल्या शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रथिनं आणि साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. डब्याच्या पैशात रोज मूठ-दीड मूठ धरली तरी पाच-सहा महिन्यांचे दाणे येतात. डबा परत फळीवर ठेवला. दाजींना ते आजवर लागलंय.

तिथून सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, छातीचा फोटो, सगळं बघितलं, सगळं नीट. मग वहीचा कागद फाडून दिला आणि म्हणाल्या, आठवडाभर जे तोंडात जाईल ते लिहायचं. सकाळी चहा-खारी. अकराला दीड भाकरी, कालवण. चारला चहा. रात्री भाकरी, आमटी, मूठभर भात. त्यांनी पेनानं बेरीज केली, दिवसाला दीड हजार कॅलरीच्या पुढं गेली नाही. भट्टीवर राबणाऱ्या माणसाला हे कसं पुरणार? आईचं "लई खातंय" म्हणजे मी एका बैठकीला पटापट खायचो, एवढंच. तुम्हीही आठवडाभर लिहा, मग बोलू.

उपाय कंटाळवाणा आहे. आज जेवढं खाता त्याच्यावर रोज तीनशे ते पाचशे कॅलरी, रोज, सणावारापुरतं नाही. म्हशीचं अर्धा लिटर दूध पाचशे कॅलरी देतं आणि वर अठरा-वीस ग्रॅम प्रथिनं. मी तेवढंच धरलं. वडिलांनी एक शब्द काढला नाही, फक्त हिशेबाच्या वहीत रोज "पोराचं दूध, अर्धा लि." अशी ओळ सुरू केली. ती वही अजून घरात आहे. शिवाय दाणे-गूळ, भाकरीवर करडीचं नाहीतर शेंगदाण्याचं तेल आणि जवसाची चटणी, दोन अंडी. अंडं खात नसाल तर सोयावडी खा. पन्नास ग्रॅम कोरड्या वडीत पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात. लातूरच्या आडतीत सोयाबीनचे ढीग लागतात आणि पिकवणाऱ्याच्या ताटात ते दिसत नाही, हे मला अजून कळलेलं नाही. कच्चं सोयाबीन मात्र खाऊ नका, पचत नाही.

प्रथिनं किती? व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागं 1.6 ग्रॅमच्या आसपास. तुम्हाला 75 ग्रॅम झाली की पुष्कळ.

आता भाकरी-वरणाचं. दाजी, वाचत असाल तर नीट वाचा. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यातले लायसिन आणि मेथिओनिन हे दोन. ज्वारीत लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते ज्वारीत मिळतं. एकत्र खाल्लं की दोन्हीची उणीव भरून निघते. खाणं निकस नव्हतं, कमी होतं. आणि शंभर किलोचं म्हणाल तर खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत ऑलिम्पिकचं कांस्य घेतलं ते 57 किलो गटात. लांब कशाला जायचं, आपल्या शेजारच्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेतलं, तेही 57 किलोतच. माझं आजचं वजन 58 आहे. म्हणजे हे दोघे माझ्यापेक्षा हलके.

जिमचं. वजन उचलल्यानं वजन उतरत नाही, खाणं कमी पडल्यानं उतरतं. उलट नुसतं खाल्लं आणि अंगाला ताण दिला नाही तर हातपाय काड्या आणि पुढं नगारा, अशी गत होते. आठवड्यातून तीन दिवस पुरे. बैठका, जोर, ओढण्याचे प्रकार, आणि महत्त्वाचं म्हणजे ओझं हळूहळू वाढवत नेणं. मी वर्षानुवर्षं दुधाचे कॅन उचलले, दंड तसूभर वाढले नाहीत, कारण कॅन रोज तेवढाच. बाकी कुठला व्यायाम कसा करायचा ते लिहून शिकवता येत नाही, जिममधल्या जाणत्या माणसाकडून शिका. (दाजी शिकवतात चांगलं, हे कबूल. फक्त त्या भिंतीकडं बघू नका.) महिन्याला एक-दीड किलो वाढलं तर उत्तम चाललंय. सात-आठ तास झोप हवी. दूध सोसत नसेल तर दही घ्या.

दोन महिन्यांत गाल वर आणणारं बिनलेबलचं चूर्ण कुणी दिलं तर घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे. तोंड सुजतं आणि घरच्यांना वाटतं बाळसं धरलं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आधीच बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरकडं जा.

किडनीचा त्रास असेल तर वरचा प्रथिनांचा हिशेब तुमच्यासाठी नाही. आणि हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. लहानपणापासून बारीक असणं वेगळं आणि चांगलं असलेलं वजन उतरणं वेगळं. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 16 च्या आतबाहेर येतो, निरोगी धरतात त्या 18.5 ला पोचायला 54 किलो लागतील. त्यात जर वजन अलीकडंच घटलं असेल, खोकला जात नसेल, रात्री घाम येत असेल, सारखी तहान-लघवी किंवा छातीत धडधड असेल, तर दूध-दाणे नंतर. टीबीची थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, सोमवारी सकाळीच जाऊन या.