‘मी बाथरूममध्ये गेले तरी ते रडतं’

विद्याताईंनी खुर्चीत बसायच्या आधीच मोबाइल माझ्यापुढे धरला. व्हिडिओत एक बंद दार, दाराखालच्या फटीला चिकटलेलं काळं ओलं नाक, आणि आवाज. भुंकणं नव्हतं ते. बारीक, लांबत जाणारं रडणं, मधेच दम घ्यायला थांबणारं.

“नुसता कचरा टाकायला खाली गेलते ओ मॅडम. चार मिनिटं. बाथरूममध्ये गेले तरी हेच. शांत जातीचं म्हणून आणलंय म्हणे!”

मी समुपदेशक. विद्याताईंचं नाव बदललंय, ते नेहमीचंच. इथे मी कुत्र्याचंही बदललंय. कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनिअल मी तरी सोलापुरात दुसरं पाहिलेलं नाही, खरं नाव लिहिलं तर जुळे सोलापुरातली त्यांची अख्खी गल्ली ओळखेल. आपण त्याला लाडू म्हणू. वय पाच महिने, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, कानांना झालर.

सगळं सांगून झाल्यावर त्या गप्प बसल्या आणि मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “मला त्याचा राग येतो. एवढुसं जनावर, माझ्यावर जीव टाकतंय, आणि मला वाटतं उचलून कुणाला तरी देऊन टाकावं. मी वाईट आहे का?”

हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. तान्ह्या बाळाच्या आया विचारतात, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं करणाऱ्या सुना विचारतात. कुत्र्याच्या बाबतीत मात्र तो विचारायचीही लाज वाटते. कारण लोक म्हणणार, कुत्रंच तर आहे, त्यात काय एवढं.

पहिल्या भेटीत माझं चुकलं. मुलगी ऑगस्टमध्ये पुण्याला इंजिनिअरिंगला गेली, त्याच महिन्यात लाडू घरी आला, हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात गोष्ट तयार झाली. रिकामं घर, आईचं एकटेपण, पोरीच्या जागी पिल्लू. मी तसं हळुवारपणे बोलूनही दाखवलं. विद्याताईंनी माझ्याकडे असं बघितलं, की वीस वर्षांच्या अनुभवाची हवाच निघाली.

“पोरगी गेल्याचं दुःख नाही ओ मला. मला वाटलेलं, आता सुटले.”

त्यांच्या मैत्रिणीचा साखर पेठेत कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा छोटा धंदा आहे. विद्याताई त्यात उतरणार होत्या. सकाळी नऊ ते एक, रोज. मुलीची बारावी संपायची वाट बघत हे दोन वर्षं मनात धरून ठेवलेलं. आणि मिस्टरांनी, बायको एकटी पडेल म्हणून, न विचारता पिल्लू आणलं. प्रेमानंच आणलं, हीच तर पंचाईत. भांडायलाही जागा नाही.

ह्या जातीबद्दल तेव्हा मला फारसं माहीत नव्हतं, म्हणून त्या आठवड्यात वाचलं. सतराव्या शतकात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स असल्या छोट्या स्पॅनिअलांच्या घोळक्यात वावरायचा. जातीच्या नावात तोच आहे. पुढे आखूड, चपट्या नाकाची फॅशन आली आणि जुनं रूप मागे पडलं. १९२६ मध्ये एका अमेरिकन शौकिनानं लंडनच्या क्रफ्ट्स ह्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात जुन्या, लांब नाकाच्या कुत्र्यासाठी २५ पौंडांचं बक्षीस लावलं, त्यातून आजचा कॅव्हेलिअर घडत गेला. १९४५ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबनं त्याला वेगळी जात म्हणून मान्यता दिली. मला यातून एक गोष्ट उमगली. मेंढपाळाचं कुत्रं मेंढरं राखतं, राखणीचं कुत्रं दार राखतं. ह्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम माणसाला चिकटून बसणं. ते शांत असतं ते तुमच्या मांडीवर. मांडी उठली की त्याची शांतताही उठते. आणि त्या घरात मांडी एकच होती.

लाडूबद्दल काहीही ठरवायच्या आधी मी त्यांना पशुवैद्याकडे पाठवलं. वागण्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी हे सांगतेच, माणूस असो की जनावर, आधी शरीर बघून घ्या. ह्या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार फार. पाच वर्षांचे होईतो जवळपास निम्म्यांच्या हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जास्तीचा आवाज, ऐकू येते असं म्हणतात. शिवाय कवटीच्या मागच्या बाजूला जागा अपुरी असल्यानं मानेतल्या मज्जारज्जूत बिघाड होऊन दुखणं सुरू होऊ शकतं. असं कुत्रं मानेजवळ हवेतच खाजवत राहतं, पाय कातड्याला लागतही नाही. लाडूचं हृदय ठीक निघालं. कानात मात्र मळ आणि लाली होती. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, आणि आंघोळीनंतर ते कुणी पुसतच नव्हतं. डॉक्टरांनी विद्याताईंना झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मोजायला शिकवलं. मिनिटाला तीसच्या आत हवेत, वर जायला लागले तर दाखवायला आणा. हे काम त्यांनी मिस्टरांवर सोपवलं. त्यामागचा हेतू माझ्या नंतर लक्षात आला.

मग आम्ही किल्लीपासून सुरुवात केली. लाडूचं रडणं दार लागल्यावर सुरू होतं असं घरच्यांना वाटत होतं. मी म्हटलं, आधीची पाच मिनिटं शूट करा. त्या व्हिडिओत सगळं स्पष्ट दिसलं. विद्याताई आरशासमोर ओढणीला पिन लावतात, तिथेच लाडू शहाबादी फरशीवरून उठतो. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळतो, तो थरथरायला लागतो. चपला घालेपर्यंत त्याची लाळ गळतेय. म्हणजे बिचाऱ्याचं अर्धं मरण दार उघडायच्या आधीच होऊन गेलेलं.

आठवडाभर त्यांनी दिवसातून दहा-बारा वेळा पिन लावली, किल्ली उचलली आणि परत सोफ्यावर बसून शेंगा सोलल्या. सासूबाईंना वाटलं सुनेचं डोकं फिरलं. लाडूला हळूहळू कंटाळा आला. आम्हाला तोच हवा होता. मग दार पाच आकडे मोजेपर्यंत बंद, मग दहा, मग अर्धा मिनिट. तो रडायच्या आत परत यायचं, आल्यावर कौतुक करायचं नाही, लगेच उचलायचंही नाही. “रडू दे, रडून रडून गप बसेल” हा सल्ला त्यांना चार जणांनी दिला होता. घाबरलेलं जनावर दमून गप बसतं, त्यानं भीती जात नाही. रागावणं, फटका देणं तर मुळीच नाही.

बाहेर जाताना एक जुना टेरी टॉवेल. मिस्टरांचा धंदाच टॉवेलचा, घरात तुकड्यांना तोटा नाही. त्याच्या घड्यांत खाण्याचे दाणे दडवायचे आणि गुंडाळी करून द्यायची. लाडू नाक खुपसून एकेक दाणा काढत बसायचा. हुंगण्यात कुत्र्याचं मन गुंततं, पळण्याइतकंच दमतं.

एवढं सगळं केलं तरी पिल्लाला चार-पाच तास एकटं ठेवायचं नव्हतंच. लघवी तरी किती वेळ धरणार? म्हणजे प्रश्न परत दुसऱ्या मांडीवर आला.

मिस्टरांना मी बोलावलं. ते आले, जरा अंग चोरून. “मी काय करणार? ते माझ्याकडे येतच नाही. मी दही-भात कालवून पुढे ठेवला तर दाराकडे बघत बसतं.” आवाजात खरोखर दुखावलेपण होतं. मी विचारलं, दिवसातून किती वेळ असता त्याच्याजवळ? उत्तर आलं नाही. मग वाटणी ठरली. सकाळी सहाचं फिरणं मिस्टरांचं, दोन्ही वेळचं खाणंही त्यांच्याच हातून. रात्रीचे श्वास मोजणं होतंच. साडेबाराला शाळेतून येणारा धाकटा लाडूला खाली नेणार. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, देवघरात कुत्रं येणार नाही आणि मी हात लावणार नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. घरातल्या प्रत्येकानं प्रेम केलंच पाहिजे असा काही कायदा नाही. देवघराच्या दारात आडवी फळी लागली आणि तो विषय संपला.

डिसेंबरपर्यंत विद्याताई आठवड्यातून तीन सकाळी साखर पेठेत जायला लागल्या.

आणि मग गड्डा आला. सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम बघायला सगळं घर गेलं. तासाभराचा तर प्रश्न, म्हणून लाडूला एकट्याला ठेवलं. तास म्हणता म्हणता तीन झाले, त्यात शेजारच्या पोरांनीही फटाके लावले. परत आले तेव्हा दाराची चौकट खालून कुरतडलेली, लाडू पलंगाखाली. तीन महिन्यांची मेहनत पुन्हा पाच आकड्यांवर. विद्याताई फोनवर रडल्या, आणि ह्या वेळी राग कुत्र्याचा नव्हता, स्वतःचा होता. मी त्यांना एवढंच म्हटलं, शिकलेलं पुसलं जात नाही, दुसऱ्यांदा लवकर चढता येतं. मला स्वतःलाही तेव्हा तेवढी खात्री नव्हती. पण पाच आठवड्यांत ते जिथे होते तिथे परत पोचले.

उन्हाळ्यात एकदा घाबरून फोन आला. लाडू दुपारभर फरशीवर पोट टेकून, पाय मागे ताणून पडून असतो, उदास झाला का? बाहेर बेचाळीस अंश. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास तळव्यांतूनच, बाकी सगळी मदार धापेवर, आणि ह्याचं नाक, लांब नाकाचं म्हणून घडवलं तरी, बाकीच्यांपेक्षा आखूडच. मी म्हटलं, ताई, मे महिन्यात सोलापुरात दुपारी कोण उदास नसतं? खातो का, संध्याकाळी शेपूट हलते का, हे बघा. दोन्ही होत होतं. फिरायच्या आधी डांबरावर हाताची पाठ सात सेकंद टेकवून बघायची, टेकवत नसेल तर कुत्र्याचे पायही टेकवायचे नाहीत, एवढं मिस्टरांना कळवलं. भर उन्हात कुत्रं जोरात धापा टाकत लडखडायला लागलं तर मात्र वाट बघायची नाही, अंग साध्या पाण्यानं ओलं करत थेट दवाखाना.

शेवटच्या भेटीला त्या आल्या तेव्हा हाताला तिखटाचा वास होता, थेट कामावरून. मी रागाबद्दल विचारलं.

“येतो की अजून. पाणी यायच्या दिवशी पिंपं भरताना पायात आलं की लै येतो. पण आता ‘मी वाईट’ असं नाही वाटत.” मग जरा थांबून म्हणाल्या, “निघताना अजून चार-पाच मिनिटं कुंईकुंई करतं. जिन्यात ऐकू येतं. आधी मी परत वर जायची.”

उठताना पिशवीतून शेंगा चटणीची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि दारातून वळून सवयीनं बजावलं, “कुत्र्याला देऊ नका हं, लसूण चालत नाही त्यांना.”

माझ्याकडे कुत्रं नाही.