नववीतल्या पोराच्या हातात पैसे देताना

ताई, मुलाला हातखर्चाला पैसे कसे द्यायचे म्हणाल, तर एकदम महिन्याचे देऊ नका. आधी आठवड्याचे द्या, तेही सोमवारी. शनिवारी दिलेत तर रविवारी रात्रीच खिसा रिकामा. दोन-तीन महिने जमलं की पंधरवड्याचे, मग महिन्याचे.

त्यातून काय भागवायचं ते आधीच बोला. एसटीचा पास, फी, वह्या घरातून. राजवाड्यावरची भेळ, मित्राचा वाढदिवस आणि मोबाइलचा रिचार्ज त्याच्याकडे. रिचार्ज मुद्दाम द्या, त्यात खरी शाळा आहे. पॅक बहुतेक वेळा 28 दिवसांचा असतो. 1 मार्चला मारला की 29 मार्चला पुन्हा. म्हणजे वर्षात 12 नाही, 13 वेळा. पॅक 300 चा असेल तर महिन्याला 325 बाजूला पडायला हवेत. हे गणित त्यालाच वहीत मांडू द्या, तुम्ही सांगू नका.

बिघडतं कुठे? बुधवारी पैसे संपतात आणि आजी हळूच पन्नासची नोट सरकवते. आजीला आधी विश्वासात घ्या! अगदीच अडलं तर उचल द्या, पण पुढच्या आठवड्यातून पूर्ण कापा.

पहिले तीन महिने रोखच बरी, नोट मोडताना जाणवतं. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँका उघडून देतात. कार्ड, मर्यादा शाखेत विचारा. यूपीआय सुरू करताना एक गोष्ट पक्की करून घ्या: पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच नाही.