वाचकांचे प्रश्न : दोन तुकड्यांचा सदरा

प्रश्न : आमच्या गावच्या मुलांनी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी होणाऱ्या फुटबॉल सामन्यांसाठी अर्धे लाल, अर्धे पांढरे आणि छातीवर लाल तारा असलेले सदरे शिवायला टाकले आहेत. प्रागच्या स्लाविया क्लबचे सदरे तसे असतात, असे ते सांगतात. गावातील काही जाणत्यांना मात्र तो तारा एखाद्या पक्षाची खूण वाटतो. हा तारा कशाचा? आमची मंडळे तीन वर्षांत मोडतात, मग हा क्लब एवढा टिकला कसा?
— एक शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : गुरुजी, आधी ताऱ्याची शंका दूर करतो, कारण सदरे शिंप्याकडे अडून राहू नयेत. स्लावियाची स्थापना 2 नोव्हेंबर 1892 रोजी झाली, म्हणजे रशियातील कम्युनिस्ट क्रांतीच्या पंचवीस वर्षे आधी. त्या तारखेला फुटबॉल नव्हताच. प्रागमधील चेक विद्यार्थ्यांच्या सायकल मंडळातून हा क्लब उभा राहिला. प्राग त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, आणि आपण स्लाव, म्हणजे चेक, पोलिश, रशियन अशा एका भाषाकुळातले लोक, आहोत हे सांगणारे नाव धारण करण्यातच त्या मुलांचा स्वाभिमान होता. पांढऱ्या भागावरचा लाल तारा क्लबच्या आरंभीच्या काळातला आहे. पडत्या दिवसांत पुन्हा उभारी देणारी खूण, असाच त्याचा अर्थ तिथे सांगितला जातो. फुटबॉल 1896 मध्ये आला आणि त्याच वर्षी 29 मार्चला प्रागच्याच स्पार्टा या दुसऱ्या क्लबाशी पहिला सामना झाला. तेव्हापासूनची ही दोघांची चुरस आजही प्राग शहराला दोन भागांत वाटते. पुढे चेकोस्लोव्हाकियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले एडवर्ड बेनेश तरुणपणी याच क्लबाकडून खेळले होते.

उलट 1948 मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले, तेव्हा या क्लबाची फार परवड झाली. त्याचे नाव बदलत बदलत 1953 मध्ये नुसते ‘डायनॅमो’ झाले, आणि लेटनावरचे जुने मैदान सोडून त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला, ईडन येथे जावे लागले. एकेकाळचा विजेता संघ वरच्या श्रेणीतून खालीही घसरला. 1965 मध्ये ‘स्लाविया’ हे नाव परत मिळाले, आणि त्याच सुमारास चाहत्यांनी आपली मित्रसंघटना बांधून क्लबाला आधार दिला. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते, कारण 1947 नंतरचे देशाच्या लीगचे विजेतेपद थेट 1996 मध्ये आले, आणि मधली एकोणपन्नास वर्षे लोक हरणाऱ्या संघासाठीही मैदानावर जात राहिले. आपल्याकडे करंडक हुकला की वर्गणी आटते, हे मी माझ्याच गावात पाहिले आहे आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे, ज्याने शिकवले त्याला हे लोक विसरत नाहीत. 1905 मध्ये जॉन मॅडन नावाचा स्कॉटिश गृहस्थ प्रागला आला. तो जहाजाच्या कारखान्यात काम केलेला आणि ग्लासगोच्या सेल्टिक क्लबातून खेळलेला होता. लांब चेंडू हाणण्यापेक्षा जवळच्या साथीदाराकडे नेमका पास देणे त्याने मुलांना शिकवले, आणि खेळाइतकेच लक्ष त्यांच्या दुखापतींकडे व शिस्तीकडे दिले. सलग पंचवीस वर्षे, म्हणजे 1930 पर्यंत, तो प्रशिक्षक राहिला. 1948 मध्ये प्रागमध्येच त्याचे निधन झाले आणि ओल्शानी येथील दफनभूमीत त्याला पुरले. स्लावियाचे चाहते आजही त्या थडग्यावर फुले वाहतात. गावात ज्या मास्तरांनी पहिला चेंडू आणून दिला, त्यांचे नाव आपल्या मंडळांतील किती मुलांना ठाऊक असते?

अलीकडचे थोडक्यात सांगायचे, तर 2017 पासून क्लबाने पुन्हा अनेकदा विजेतेपद मिळवले, 2020-21 चा लीगचा हंगाम एकही सामना न हरता संपवला आणि नोव्हेंबर 2019 मध्ये बार्सिलोनाला त्यांच्याच मैदानावर 0-0 असे रोखले.

आता सदऱ्याचे. तो पूर्वी दोन रंगांचे दोन तुकडे मध्यभागी जोडून शिवत, म्हणून खेळाडूंना ‘सेशिवानी’, म्हणजे ‘शिवलेले’, हेच नाव पडले. शिंप्याला सांगा की घालणाऱ्याच्या उजव्या हाताकडचा भाग लाल, डावीकडचा पांढरा, आणि तारा पांढऱ्यावर, काळजाच्या बाजूला. मधली शिवण दुहेरी घ्या. चेंडूच्या ओढाताणीत पहिली तीच उसवते.

प्रश्न : मी शाळेच्या संघात गोलरक्षक आहे. स्लावियाचा एक गोलरक्षक मोडलेल्या हाताने खेळला, हे खरे आहे का?
— एक विद्यार्थिनी, मूर्तिजापूर तालुका, जि. अकोला

उत्तर : खरे आहे, बेटा. त्याचे नाव फ्रांतिशेक प्लानिचका. तो 1923 ते 1938 स्लावियाचा गोलरक्षक होता आणि 1934 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाचा कर्णधार. तो सामना इटलीने अधिक वेळेत 2-1 असा जिंकला. चार वर्षांनी, 12 जून 1938 रोजी, फ्रान्समधील बोर्दो येथे ब्राझीलविरुद्ध खेळताना त्याचा हात मोडला. तेव्हा बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती, म्हणून तो गोलपोस्ट सोडून गेला नाही. अधिक वेळ खेळूनही सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. दोन दिवसांनी तो पुन्हा खेळवला गेला, तेव्हा प्लानिचका नव्हता आणि ब्राझील जिंकला. तो देशासाठी पुन्हा कधीच खेळला नाही. तू मात्र हात दुखावला तर लगेच बाहेर ये, कारण आता बदली खेळाडू असतो.

त्याला दीर्घायुष्य लाभले. एकोणपन्नास वर्षांनी स्लाविया 1996 च्या उन्हाळ्यात पुन्हा विजेता झाला, तेव्हा तो हयात होता. त्याच वर्षी 20 जुलैला, वयाच्या 92 व्या वर्षी, तो गेला.